बायका जास्त जगतात, मग आजारीही त्याच जास्त का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचे आजोबा ६३ व्या वर्षी गेले, वडील ६१ व्या वर्षी, दोघेही हार्ट अटॅकने. आजी ८४ पर्यंत जगली, पण शेवटची दहा-बारा वर्षं तिची खाटेवरच गेली. आई आता ५८ ची आहे. गुडघे, चक्कर, थकवा, काही ना काही सुरूच असतं. बायका निसर्गतःच जास्त जगतात म्हणतात, मग त्यांचं आयुष्य असं दुखण्यात का जातं? आणि मी ३६ चा आहे, माझं काय?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो थांबण्यासारखा नाही. दोन पिढ्यांत हार्ट अटॅक झालेला आहे, तेव्हा बीपी, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) याच महिन्यात करून घ्या. कमरेचा घेर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर गेला की तो धोक्याचा धरतो, मग वजन कितीही असो. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर ती बंद करायची. कमी करायची नाही, बंदच करायची.

आता मूळ मुद्दा. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. "बायकांना निसर्गानेच जास्त आयुष्य दिलंय" हे वाक्य मला रोज कुणाकडून तरी ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण लोकांना वाटतं तेवढं नाही.

सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीचे, म्हणजे निवडक भागांतल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून काढलेले, २०१६-२० चे आकडे बघा. भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षं, मुलीचं ७१.४. फरक तीन वर्षांपेक्षा कमी. जगात तोच फरक पाच वर्षांच्या आसपास आहे, जपानमध्ये सहा, रशियात दहाच्या घरात. आता थोडं मागे जाऊ. १९७०-७५ मध्ये भारतातल्या पुरुषाचं आयुर्मान ५०.५ वर्षं होतं आणि बाईचं ४९. म्हणजे आपल्याकडे बायका पुरुषांपेक्षा कमी जगत होत्या. १९८१-८५ च्या आकड्यांत त्या पहिल्यांदा काठावर पुढे गेलेल्या दिसतात. तुमची आजी तरुण होती तेव्हा या देशात बाई असणं म्हणजे कमी आयुष्य असणं होतं. एवढ्या थोड्या काळात शरीर काही बदलत नाही. बाळंतपणं बदलली, दवाखाने जवळ आले, लसी आल्या, मुलींना थोडं जास्त खायला मिळू लागलं. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. बायकांच्या आयुष्यात जी वर्षं वाढली, त्यातली बरीच अशी एकेका कामातून आलेली आहेत.

मग निसर्गाचा वाटा किती? तो आहेच. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात. एकावरच्या जनुकात बिघाड असला तर दुसरं बरंचसं सांभाळून घेतं. पुरुषाला ती सोय नाही. पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या आणि चांगलं कोलेस्टेरॉल सांभाळतं, म्हणून बाईचा हृदयविकार साधारण सात ते दहा वर्षं उशिरा येतो. तिची प्रतिकारशक्तीही जंतूंशी जास्त जोमाने लढते. त्याची किंमत ती दुसरीकडे मोजते. ल्युपससारख्या, स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारात दहा रुग्णांपैकी नऊ बायका असतात. थायरॉइडचे आणि सांध्यांचे कितीतरी आजार त्याच जातीचे.

अगदी उपासमारीतही हा फरक दिसतो. १९३३ च्या युक्रेनमधल्या दुष्काळात जन्माच्या वेळचं आयुर्मान मुलींचं जेमतेम ११ वर्षं होतं आणि मुलांचं ७ वर्षांच्या थोडं वर. दोघांनाही अन्न नव्हतं, तरी मुली जास्त टिकल्या. तान्ह्या मुलींमध्येही हे दिसलं, म्हणजे सवयींचा प्रश्नच नव्हता.

पण निसर्गाचा वाटा मोजायचा तर मला सगळ्यात पटणारा पुरावा जर्मनीतला वाटतो. मार्क लुय नावाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने बव्हेरियातल्या मठांमध्ये राहणाऱ्या कॅथलिक साधू आणि साध्वींच्या शंभरेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. एकसारखी दिनचर्या, एकसारखं जेवण, ना बाळंतपण, ना खाणीतलं काम, ना युद्धावर जाणं. बाहेरच्या जर्मन समाजात बायका-पुरुषांच्या आयुर्मानातला फरक वाढत वाढत सहा वर्षांच्या घरात गेला होता, तेव्हा मठातल्या दोघांमध्ये तो वर्षभराच्या आसपासच होता. आणि अंतर कमी झालं ते साधू जास्त जगल्यामुळे. साध्वी बाहेरच्या बायकांइतकंच जगल्या.

म्हणजे पुरुष लवकर जातो ते बहुतांशी तो जसा जगतो त्यामुळे. तुमच्या आजोबांचं आणि वडिलांचं जाणं सगळंच टळलं असतं असं मी म्हणणार नाही, आनुवंशिकताही असते. पण पुरुषांची आमच्याकडे येण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे. रात्री जेवणानंतर छाती भरून येते. "पित्त झालंय." सोडा, जिऱ्याचं पाणी, मग मेडिकलमधली अॅसिडिटीची गोळी. पहाटे घाम सुटतो तरी "उजाडू दे, बघू." सकाळी दहाला मुलगा मोटारसायकलवर मध्ये धरून घेऊन येतो. ईसीजी काढला की दिसतं, अटॅक सुरू होऊन दहा-बारा तास उलटलेत. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, बारा तासांनंतर त्याचा फायदा जवळपास उरत नाही. या पुरुषाने आयुष्यात बीपी कधी मोजलेलं असतं? बहुतेक वेळा विम्याच्या तपासणीत, किंवा कधीच नाही.

त्यात तंबाखू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातले ३८ टक्के पुरुष तंबाखूचं काहीतरी सेवन करत होते, बायका ९ टक्के. दारू पुरुषांत जवळपास १९ टक्के, बायकांत एक टक्क्याच्या थोडं वर. क्षयरोग पुरुषांत जास्त, आणि त्याला बिडी, दारू, खाणी, गिरण्या, कोंदट जागेतलं काम हे सगळं कारण आहे. रस्त्यावर मरणाऱ्यांत दहापैकी आठाहून अधिक पुरुष. आणि आत्महत्या. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या, त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त पुरुष होते. राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा महाराष्ट्राचा. कर्ज, दारू आणि कुणाकडे मन मोकळं न करण्याची सवय, हे तिन्ही एकत्र आले की काय होतं ते विदर्भ-मराठवाड्यातल्या डॉक्टरला कुणी सांगायला नको. घरात कुणी असं गप्प गप्प झालं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता आईकडे आणि आजीकडे येते. बायका जास्त जगतात हे खरं, पण ती जादाची वर्षं निरोगी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या हिशेबात जगभरात आयुर्मानात बायका पुरुषांच्या पाच वर्षं पुढे, पण निरोगी आयुष्याची वर्षं मोजली तर जेमतेम अडीच वर्षं पुढे. उरलेली वर्षं दुखण्यात जातात. आणि हे दुखणं म्हातारपणी अचानक उगवत नाही. ते विशी-तिशीत सुरू होतं आणि अंगावर काढलं जातं.

याचा पहिला ठोस पुरावा आपल्याच राज्यातून आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, एकेका बाईला सरासरी साडेतीनपेक्षा जास्त आजार होते, आणि याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगभर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंब नियोजन एवढंच समजलं जात होतं. पोटात मूल नसलेली बाई कुणाच्या हिशेबात नव्हती. माझ्या ओपीडीत आजही पन्नाशीची बाई "अंगावरून पांढरं जातं" हे तिसऱ्या भेटीत सांगते, तेही नवऱ्याला बाहेर पाठवल्यावर.

दुसरं रक्त. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, पुरुषांत २५ टक्के. महाराष्ट्रातल्या बायकांचा आकडा ५४ टक्के. पाळीत रक्त जातं हे कारण आहेच, पण ते एकच नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, आठवड्यातून दोन उपवास साबुदाण्यावर काढायचे, जेवण झाल्याझाल्या चहा घ्यायचा. चहामुळे जेवणातलं लोह अंगाला नीट लागत नाही. हिमोग्लोबिन सहा असलेली बाई गुडघा दाखवायला चालत येते. जिना चढताना दम लागतो का विचारलं तर म्हणते, "तो तर लागतोच की." रक्त हळूहळू कमी होत गेलं की शरीर त्यालाच सरावतं. तिला वाटतं, दमणं म्हणजेच बाईमाणसाचं जगणं.

दवाखान्यापर्यंत कोण पोचतं, हाही यातलाच भाग आहे. दिल्लीच्या एम्सच्या २०१६ च्या ओपीडी नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाईमागे तिथे जवळपास १.७ पुरुष आले होते, आणि रुग्णाचं राज्य दिल्लीपासून जितकं लांब, तितका बायकांचा वाटा कमी. म्हणजे गावातल्या दवाखान्यात बाईला नेतात, पण गाडीभाडं, मुक्काम आणि रोजगार बुडवून लांब न्यायची वेळ आली की घर विचार करतं. अवयव प्रत्यारोपणातही हेच. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६ हजारांहून जास्त प्रत्यारोपणांत पाचापैकी चार वेळा अवयव पुरुषाला मिळाला. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. आई, बायको, बहीण. मी प्रेमाला नावं ठेवत नाही. पण नवऱ्यासाठी जी किडनी दहा दिवसांत ठरते, ती बायकोला लागते तेव्हा "आधी औषधाने बघू" असं का होतं, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावं.

तंबाखूबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण डॉक्टरांच्याही हातून ती सुटते. बाईला "तंबाखू खाता का?" विचारलं तर ती नाही म्हणते, आणि खोटं बोलत नसते. ती मशेरी लावते. सकाळी, दुपारी, रात्री झोपताना दातांना. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण घरात ती दंतमंजनात मोजली जाते. तुमच्या आईची आई लावत होती का आणि आई लावते का, हे एकदा नीट विचारा. तीच गोष्ट धुराची. आयुष्यात कधी बिडीला हात न लावलेल्या बाईची फुप्फुसं पन्नास वर्षांच्या चुलीच्या धुराने बिडी ओढणाऱ्यासारखी होतात. घरी गॅस आला तरी आधी झालेलं नुकसान भरून येत नाही.

आणि गर्भाशय. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून जास्त बायकांचं सर्वेक्षण झालं तेव्हा १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकीचा खाडा पडला की दंड, पाळीत फडावर पाणी नाही, संडास नाही, आणि गावात कुणीतरी सांगतं, "पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल." पांढऱ्या पाण्यासाठी गोळ्यांचा कोर्स पुरला असता तिथे अवयव गेला. लहान वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचं संरक्षण एका दिवसात जातं. पस्तिशीत ऑपरेशन झालेली बाई पन्नाशीत माझ्याकडे हृदयरोगी म्हणून येते आणि तेव्हा कुणाला या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही.

बायकांना अटॅक येत नाही, हा गैरसमज फार महागात पडतो. पाळी गेल्यावर बायकांमध्ये अटॅकचं प्रमाण झपाट्याने वाढतं, आणि बाईला मधुमेह असेल तर इस्ट्रोजेनचं संरक्षण पाळी सुरू असतानाही फारसं उरत नाही. छातीत कळ त्यांनाही येते, पण त्याबरोबर किंवा त्याऐवजी दम, जबडा दुखणं, पाठीत दुखणं, मळमळ, विचित्र थकवा असं जास्त दिसतं. घरचे म्हणतात टेन्शन घेते, आणि कधी कधी दवाखान्यातही तेच ऐकावं लागतं. मी प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारते: गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का? गरोदरपणात बीपी वाढून त्रास झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणात साखर वाढलेलीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी पट जास्त. पण बाळंतपण पार पडलं की ती फाइल माळ्यावर जाते आणि पुढची वीस वर्षं कुणी तिचं बीपी बघत नाही.

तुमच्या आजीची शेवटची वर्षं खाटेवर का गेली हे लिहिलेलं नाही, पण अशा घरांत मी दोन गोष्टी वारंवार बघते. एक खुब्याचं फ्रॅक्चर, मोरीत पाय घसरून. दुसरं विधवापण. मुलीचं लग्न चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलाशी होतं, वर तो आधी जातो, म्हणजे बाईच्या वाट्याला एकटेपणाची दहा-पंधरा-वीस वर्षं येतात. २०११ च्या जनगणनेत देशात चार कोटींहून जास्त विधवा होत्या, विधुर त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सातबाऱ्यावर नाव नाही, बँकेत स्वतःचे पैसे नाहीत, मग मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा सून-मुलाच्या सवडीने. दिसत नाही म्हणून पडते, पडते म्हणून खाटेला खिळते. हे मी इतक्यांदा बघितलंय की मोतीबिंदू दिसला की मी ऑपरेशनची तारीख घेतल्याशिवाय घरच्यांना सोडत नाही.

आता तुमच्या आईसाठी. "बाईमाणसाला होतंच" म्हणून सोडू नका. चक्कर आणि थकव्यासाठी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), बी१२, टीएसएच (थायरॉइड), साखर, क्रिएटिनिन (किडनी) आणि ईसीजी करा. बीपी एकदा बसून आणि एकदा उभं राहिल्यावर मोजायला सांगा. ५८ व्या वर्षी हिमोग्लोबिन कमी निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबायचं नाही. पाळी गेलेल्या बाईचं रक्त कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे, पोटातला अल्सर किंवा आतड्याचा कॅन्सर त्यामागे असू शकतो. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून कुठली गोळी आणून खाते ते बघा. पाकीट घेऊनच डॉक्टरकडे जा. त्या वेदनाशामकांनी बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो आणि पोटातून रक्त जाऊ शकतं, म्हणजे तिची चक्करही तिथूनच येत असू शकते. पाळी बंद झाल्यावर एखादा थेंब जरी रक्त गेलं तरी आठवडाभराच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईने करावी: तुमची बायको, बहीण, आणि आईची कधी झाली नसेल तर आईनेसुद्धा. याचाही जगातला एक मोठा पुरावा मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच्या तपासणीने. धाराशिवच्या बायकांच्या भरवशावर जगाला हे कळलं, आणि आपल्या घरातल्या बायकांची ती झालेली नसते. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर एचपीव्हीची लस द्या, पुण्यात तयार झालेली लसही आता मिळते.

तिशीपुढच्या स्त्री-पुरुष दोघांची बीपी, साखर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी आरोग्यवर्धिनी केंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. दोघांनी एकाच दिवशी जा. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ या नंबरवर मोफत सल्ला मिळतो. सोडल्यावर वर्षभरात अटॅकचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. आणि आईचे रिपोर्ट आले की त्यातलं हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन इथे लिहा, गुडघ्यासाठी कुठली गोळी चालेल ते त्यावरूनच सांगता येईल.